किल्ल्यांचा जुडगा परक्याच्या कमरेला

नवरात्रात माहूरच्या गडावर रेणुकामातेच्या दर्शनाला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून कुटुंबे येतात. कोणी पुण्याहून, कोणी नागपूर-हैदराबादेहून, तर कोणी दोन वर्षांतून एकदा अमेरिकेतूनही येतो. देवीची ओटी भरली जाते, तांबुलाचा प्रसाद घेतला जातो, नातवाला पायरीवर बसवून त्याचे छायाचित्र मोबाइलवर टिपले जाते. मंडळी गड उतरून खाली येतात, तोवर ते छायाचित्र दुसऱ्याच कोणाच्या तरी संगणकावर चढलेले असते. त्यासाठी कोणी परवानगी विचारली नाही. खरे तर विचारली होती. मोबाइल विकत घेतला त्या दिवशी चाळीस पानी मजकुराखाली ‘मान्य’ असे बटण होते आणि ते दाबून कुटुंबप्रमुख मोकळा झाला होता.

कुलदैवत, गोत्र, मुलांचे जन्मदाखले, आजारपणाचे कागद, जमिनीचे सातबारे, आईच्या आवाजातल्या आरत्या, बँकेचे परवलीचे शब्द! एकेकाळी जे माजघरातल्या लाकडी पेटीत असे आणि जिची किल्ली घरच्या लक्ष्मीच्या कमरेला असे, ते सारे आज दोन-तीन अमेरिकी कंपन्यांच्या कोठारात आहे. किल्ल्यांचा जुडगाही त्यांच्याच कमरेला आहे. आणि हे सारे त्या समाजाने केले आहे, जो दिवाळीत चिनी आकाशकंदील घेऊ नका म्हणून गल्लोगल्ली पत्रके वाटतो.

“त्यात बिघडले काय? सेवा फुकट आहे, सुरळीत चालते आहे,” असे म्हणणाऱ्यांनी अहमदाबादेत काय घडले ते पाहावे. गुजरातमधील एका संगणक अभियंत्याने आपल्या बालपणीची छायाचित्रे गुगल ड्राइव्हवर ठेवली. त्यांत एक छायाचित्र होते दोन वर्षांच्या बाळाला आजी न्हाऊ घालते आहे, याचे. असे छायाचित्र नाही असे भारतीय घर सापडणे कठीण. कंपनीच्या यंत्राने ते पाहिले आणि बालकांच्या लैंगिक शोषणाचा प्रकार ठरवून २०२३ मध्ये त्या गृहस्थाचे संपूर्ण खाते गोठवले. छायाचित्रांबरोबर टपाल गेले, व्यवसायाचा पत्रव्यवहार गेला. कंपनीकडे दाद मागून उपयोग झाला नाही. पोलिसांकडून आणि सरकारी खात्यांकडूनही काही निष्पन्न झाले नाही. अखेर गुजरात उच्च न्यायालयात जावे लागले आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने गुगलला नोटीस काढली. आजीचे वात्सल्य आणि विकृती यांतला भेद ज्या यंत्राला कळत नाही, त्या यंत्राच्या हाती कुटुंबाच्या आठवणींचा न्यायनिवाडा दिला गेला आहे. हा प्रश्न तंत्रज्ञानाचा कमी आणि स्वत्वाचा अधिक आहे.

हे एका सामान्य माणसाचे झाले. मोठ्यांचे काय होते? मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या कंपनीचा गुजरातमधील वाडिनार येथे प्रचंड तेलशुद्धीकरण कारखाना आहे. देशभर तिचे सहा हजारांहून अधिक पेट्रोलपंप आहेत. रशियाच्या रोझनेफ्टचा तिच्यात ४९.१३ टक्के वाटा आहे. एवढ्या कारणावरून युरोपीय संघाने १८ जुलै २०२५ रोजी तिच्यावर निर्बंध लादले. भारताने ते निर्बंध मान्य केलेले नाहीत, संयुक्त राष्ट्रांनी लादलेले नाहीत आणि मायक्रोसॉफ्ट तर युरोपीय कंपनीही नव्हे. तरीही चारच दिवसांत मायक्रोसॉफ्टने नायराची सेवा बंद केली. पैसे भरलेले होते, करार चालू होता आणि भारतीय कंपनीचे कर्मचारी भारतात बसून स्वतःचे टपाल उघडू शकत नव्हते! कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. टपाल चालू राहावे म्हणून ती मुंबईच्या रेडिफकडे वळली, असे वृत्त त्या काळात प्रसिद्ध झाले. महिना संपता संपता मायक्रोसॉफ्टने सेवा पूर्ववत केली आणि प्रकरण मिटले. मिटले म्हणजे बातम्यांतून गेले. ज्या बटणाने दिवा मालवला गेला, ते बटण आहे तिथेच आहे.

यावर हमखास दिले जाणारे उत्तर म्हणजे, “कोठारे आता भारतातच आहेत.” या उत्तराने फसून जाण्याचे कारण नाही. अमेरिकेने २०१८ मध्ये ‘क्लाउड कायदा’ केला. अमेरिकी कंपनीकडची माहिती जगात कोठेही ठेवलेली असो, अमेरिकी तपासयंत्रणेने कायदेशीर मागणी केली की ती कंपनीला द्यावी लागते. यंत्र नवी मुंबईत असले तरी हुकूम वॉशिंग्टनचाच. एडवर्ड स्नोडेनने २०१३ मध्ये ‘प्रिझम’ची कागदपत्रे उघड केली, तेव्हा त्यांत गुगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, अ‍ॅपल ही सगळी परिचित नावे होतीच.

स्वदेशीवर थांबून चालणार नाही

आता स्वदेशीच्या बाजूने जे घडले त्याचे स्वागत केलेच पाहिजे. केंद्र सरकारच्या सुमारे बारा लाख कर्मचाऱ्यांच्या टपालपेट्या झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर आल्या आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये गृहमंत्री अमित शहा यांनी स्वतःचे टपालही तेथे हलवल्याचे जाहीर केले. तमिळनाडूतील तेन्काशीसारख्या ग्रामीण भागात बसून श्रीधर वेंबू यांनी उभे केलेले हे काम कोणाही भारतीयाची मान उंचावणारे आहे.

परंतु उत्साहाच्या भरात एक भेद विसरला जातो. स्वदेशी वेगळे आणि स्वाधीन वेगळे. झोहोच्या सेवा भारतीय आहेत, पण त्यांची आज्ञावली बंद आहे. आत काय चालते हे बाहेरच्याला तपासता येत नाही. त्याच कंपनीच्या ‘अरट्टई’ या संदेशसेवेवर २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात लोकांच्या उड्या पडल्या, तेव्हा तिच्यातील लेखी संदेश टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नव्हते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ही सोय कित्येक वर्षांपासून आहे. स्वदेशीचा झेंडा घेऊन निघालेल्या किती जणांनी हे तपासले होते?

‘कू’चे उदाहरण तर ताजे आहे. ट्विटरला भारतीय पर्याय म्हणून २०२० मध्ये आलेल्या या व्यासपीठावर मंत्री आले, खेळाडू आले, मराठीत लिहिणारे हजारो सामान्य लोक आले. जुलै २०२४ मध्ये पैशाचे गणित जुळेना म्हणून ते बंद झाले. चार वर्षांचे लेखन ज्या भिंतीवर लिहिले, ती भिंतच मालकाने पाडली. मालक भारतीय होता, एवढेच काय ते समाधान. ज्यांना ऑर्कुट आठवते, त्यांना हा अनुभव नवा नाही. २०१४ च्या सप्टेंबरअखेरीस गुगलने तेही असेच गुंडाळले. याउलट १९९६ पासून परदेशस्थ मराठी मंडळींनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खर्चाने चालवलेले ‘मायबोली’ हे संकेतस्थळ आजही आहे. ते ‘द्रुपल’ या मुक्त आज्ञावलीवर चालते. कोट्यवधींची गुंतवणूक असलेले गेले आणि हौसेने, पण स्वतःच्या मालकीने उभे केलेले टिकले. याचा अर्थ स्वदेशी चळवळीच्या धुरिणांना नक्की कळला असता. १८७७ च्या दिल्ली दरबाराला सार्वजनिक काका खादी नेसून गेले, ती गावच्या गिरणीतून आणलेली नव्हती, स्वतः कातलेल्या सुताची होती.

माहूरचे कुलूप

कुलूप, किल्ली आणि मालकी यांचा विचार माहूरला नवा नाही. माहूर हे जसे रेणुकेचे, जसे दत्तजन्माचे, तसेच ते महानुभाव पंथाचेही महत्त्वाचे स्थान आहे. पंचकृष्णांतील श्रीदत्तात्रेयप्रभूंचे हे स्थान आणि येथील देवदेवेश्वरी पंथीयांची रीघ असते. या पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळ, सुंदरी अशी त्या लिप्यांची नावे. अक्षराच्या जागी दुसरे अक्षर वा खूण योजायची. ज्याला जुळणी ठाऊक तोच वाचणार. परकीय आक्रमणांच्या आणि प्रक्षेपांच्या काळात आद्य मराठी गद्याचा तो अमोल ठेवा त्यामुळे शुद्ध राहिला. मराठी माणसाने आपल्या अक्षरांना घातलेले हे कुलूप सहाशे वर्षे जुने आहे. तेव्हा ‘खासगीपणा ही पाश्चात्त्य कल्पना’ असे म्हणणाऱ्यांनी आधी माहूरला जाऊन यावे.

मात्र या इतिहासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीची जुळणी उलगडली आणि एकदा जुळणी कळताच सगळ्या पोथ्या वाचता आल्या. वाङ्मयाच्या दृष्टीने हे भाग्यच. पण कुलपाच्या दृष्टीने त्यात एक धडा आहे. तेथे कुलपाची रचना हेच गुपित होते. रचना फुटली की गुपित फुटले. १८८३ मध्ये ऑगस्ट केर्कहॉफ्स या डच पंडिताने याच्या नेमका उलट नियम सांगितला: कुलपाची रचना शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. आधुनिक सांकेतिक शास्त्र याच नियमावर उभे आहे आणि मुक्त आज्ञावलीचा आग्रह तेथूनच बळ घेतो. आज्ञावली उघडी असावी, जगातल्या कोणाही जाणकाराने ती वाचावी, तिच्यातील भोके दाखवावीत. माहिती मात्र ज्याची त्याच्या घरात, त्याच्या किल्लीखाली. आजच्या बड्या कंपन्यांनी हे नेमके उलटे करून ठेवले आहे. त्यांची आज्ञावली बंद आणि ग्राहकाचे आयुष्य उघडे.

रिचर्ड स्टॉलमनने १९८३ मध्ये मुक्त आज्ञावलीची चळवळ सुरू केली, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सची भर घातली. जी गोष्ट तेव्हा मूठभर विद्यापीठीय मंडळींचा छंद होती, ती आज मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात आली आहे. कसे, ते सविस्तर सांगणे आवश्यक आहे. कारण या विषयावर भाषणे पुष्कळ होतात आणि यंत्र कोणीच लावत नाही.

घरात पडून असलेला जुना लॅपटॉप घ्यावा. त्यावर डेबियन ही लिनक्सची विनामूल्य प्रणाली बसवावी. दिवसरात्र चालू ठेवला आणि वीस वॅट वीज खाल्ली तर महिन्याला सुमारे साडेचौदा युनिट होतात. ‘रास्पबेरी पाय’ हा तळहाताएवढा संगणक वापरला तर त्याहूनही पुष्कळ कमी. मराठवाड्यातली वीज कोणत्या क्षणी जाईल याचा भरवसा नसतो, तेथे लॅपटॉपची स्वतःची बॅटरी हा आयता आधार आहे. ती फुगलेली असेल तर मात्र आधी बदलावी, यात काटकसर नको. या यंत्रावर छायाचित्रांसाठी ‘इमिच’ बसवता येते. ते मोबाइलमधली छायाचित्रे आपोआप उतरवून घेते, चेहऱ्यांनुसार, वर्षांनुसार लावून देते. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची दोन क्रमांकाची स्थिर आवृत्ती आली आहे. कागदपत्रे, दिनदर्शिका, पत्ते यांच्यासाठी २०१६ मध्ये जर्मनीत सुरू झालेले ‘नेक्स्टक्लाउड’. घरपट्टीच्या पावत्या, दाखले, जुनी खरेदीखते स्कॅन करून शोधण्याजोगी ठेवायला ‘पेपरलेस’. परवलीच्या शब्दांसाठी ‘व्हॉल्टवॉर्डन’. कीर्तने, नाट्यगीते, घरच्या मुंजी-लग्नांच्या चित्रफिती पाहायला ‘जेलीफिन’. यांतील एकाचेही भाडे नाही आणि एकही जण कोणती चित्रफीत किती वेळ पाहिली याची नोंद विकत नाही.

बाहेरगावाहून घरच्या यंत्राशी बोलायचे, तर ‘वायरगार्ड’ नावाचा कुलूपबंद मार्ग आहे. भारतात एक अडचण येते. बहुतेक मोबाइल आणि काही फायबर सेवा शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून नेमके घर सापडत नाही. सेवादात्याकडे स्वतंत्र पत्ता मागणे किंवा आयपीव्ही६ वापरणे, हे त्यावरचे उपाय. ज्याला हे जमत नाही त्याने निराश होऊ नये. यंत्र फक्त घरातल्या वायफायवर ठेवावे. दिवसभर काढलेली छायाचित्रे मोबाइल संध्याकाळी घरी आला की उतरतील. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात तार तुटून दोन दिवस इंटरनेट नसले तरी घरातले छायाचित्र घरात दिसेल, ही सोय कोणती अमेरिकी कंपनी देते?

धोके नाहीत असे नव्हे. चकती जळते, यंत्र चोरीला जाते, घरात पाणी शिरते. म्हणून प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर आणि एक घराबाहेर, हा जगन्मान्य नियम पाळावाच लागतो. घराबाहेरची ती प्रत कुलूपबंद करून सख्ख्या भावाकडे ठेवता येते. दूरदूर विखुरलेल्या एकत्र कुटुंबाचा एवढा तरी उपयोग व्हावा. आज्ञावलीच्या नव्या आवृत्त्या वेळच्या वेळी बसवाव्या लागतात, नाहीतर उघड्या दाराचे घर आणि हे यंत्र यांत फरक नाही. टपाल मात्र घरी चालवण्याच्या फंदात सामान्य माणसाने पडू नये. घरच्या पत्त्यावरून आलेले पत्र बडे टपालवाले कचऱ्यात टाकतात आणि ते काम जिकिरीचे आहे. तेथे भाडे भरून चांगली भारतीय सेवा घेणेच शहाणपणाचे.

“हे करणार कोण?” हा प्रश्न रास्त आहे, पण महाराष्ट्रात तो विचारताना थोडी लाज वाटायला हवी. ज्याच्या नात्यात एकही संगणक अभियंता नाही असे मध्यमवर्गीय मराठी घर दाखवावे! हिंजवडीत आणि बंगळूरात बसून ही मुले परदेशी बँकांच्या, रुग्णालयांच्या, सरकारांच्या माहितीची राखण करतात. रात्री घरी येऊन आईची छायाचित्रे गुगलच्या स्वाधीन करतात. नांदेडमध्ये श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून आहे. तिच्यासारख्या संस्थांतील मुलांनी अखेरच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून धूळ खाणारी फाइल लिहिण्याऐवजी एका शाळेचे, एका पतसंस्थेचे, एका वाचनालयाचे असे यंत्र उभे करून वर्षभर चालवून दाखवले, तर त्या मुलांनाही काही शिकता येईल. परभणीच्या गणेश वाचनालयासारख्या संस्था निजामी राजवटीत लोकांनी वर्गणी काढून चालवल्या. सभेसाठी सरकारी परवानगी मागायला लावणाऱ्या ‘गश्ती निशाण ५३’च्या त्या काळात मराठवाड्याने आपला विचार स्वतःच्या चार भिंतींत सांभाळला. त्या मराठवाड्याला चार भिंतींचे मोल समजावून सांगावे लागू नये.

आणखी एक आक्षेप घरातूनच येतो. “लिनक्स फिनलंडच्या माणसाचे, नेक्स्टक्लाउड जर्मनांचे, यात स्वदेशी ते काय?” आक्षेप घेणारे बहुधा मोबाइलवरूनच तो घेतात, ते सोडून देऊ. मुक्त आज्ञावली ही विहिरीच्या पाण्यासारखी नसून विहीर खणण्याच्या विद्येसारखी आहे. ती ज्याच्या हाती आली त्याची झाली. मूळ कर्ता उद्या रागावला, विकला गेला वा निर्बंधांना भ्याला, तरी घरातली प्रत काढून घेण्याचा अधिकार त्याला नाही. तो त्याने परवान्यातच सोडून दिलेला असतो. नायराच्या कर्मचाऱ्यांकडे हाच अधिकार नव्हता. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने मायक्रोसॉफ्टचा त्याग करून ऑक्टोबर २०२५ पर्यंत चाळीस हजारांहून अधिक सरकारी टपालपेट्या मुक्त व्यवस्थेवर नेल्या. अमेरिकेचा मित्र असूनही त्या राज्याला हे करावेसे वाटले. भारतातही झिरोधा या बंगळूरच्या दलाली पेढीने २०२४ मध्ये जगभरच्या मुक्त प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. घेणाऱ्याने देणेही लागते, ही जाण त्यात आहे. मराठी समाजाचे देणे कोणते? या आज्ञावल्यांचे मराठीकरण अनेक ठिकाणी अर्धवट पडले आहे. त्यासाठी आज्ञावली लिहिता यावी लागत नाही, चांगले मराठी यावे लागते. निवृत्त शिक्षकांनी रोज तासभर दिला तरी खूप होईल.

सर्वांत कठोर प्रश्न कार्यकर्त्यांना विचारला पाहिजे. बैठकीची सूचना, उपस्थितांची यादी, प्रवासाचे नियोजन, घरोघरच्या संपर्काचे तपशील आज कोठे असतात? व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर. संदेशातला मजकूर कंपनीला वाचता येत नाही हे खरे मानले, तरी कोण कोणाशी, केव्हा, किती वेळा बोलतो, कोणत्या गटात कोण आहे, ही सगळी वंशावळ कंपनीला दिसते. व्हॉट्सअ‍ॅपच्या २०२१ च्या गोपनीयता धोरणावरून भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण जाहिरातींसाठी माहिती वाटून घेण्यावरची पाच वर्षांची बंदी उठवली. आणीबाणीत भूमिगत पत्रके निघाली ती कोणाच्या तरी माळ्यावरच्या सायक्लोस्टाइल यंत्रावर. यंत्र आपले होते, शाई आपली होती, म्हणून सेन्सॉरला ती थांबवता आली नाहीत. आज तशी वेळ आली तर एका परदेशी कंपनीला एक पत्र पाठवले की काम भागेल.

“आम्हाला लपवायचे काय आहे?” असे छातीठोकपणे म्हणणारे घरी मात्र पाहुण्याला ओसरीवरच बसवतात. माजघरात चोरीचा माल असतो म्हणून नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. ती याचिका कर्नाटकातील एका निवृत्त न्यायाधीशाने, न्या. के. एस. पुट्टस्वामी यांनी, ऐंशी ओलांडल्यावर केली होती. त्या वयात त्यांच्यापाशीही लपवण्यासारखे काही नसावे.

२०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम यांमुळे तक्रारीला जागा मिळेल. पण तक्रार करायची म्हणजे आधी नुकसान झालेले असते. ज्या घरांना ती वेळ येऊ द्यायची नाही, त्यांनी पहिल्या महिन्यात एवढेच करावे: आतापर्यंतची सर्व छायाचित्रे गुगलच्या ‘टेकआउट’ सेवेतून उतरवून घ्यावीत, दोन चकत्यांवर ठेवावीत आणि त्या उघडतात की नाही हे प्रत्यक्ष उघडून पाहावे. पंधरा गीगाबाइटची फुकट मर्यादा भरत आलेल्या घरांनी भाड्याचा पहिला हप्ता भरण्याआधी हे करावे. परवलीचा मुख्य शब्द कागदावर लिहून, बंद लिफाफ्यात, घरातल्या दागिन्यांच्या कपाटात ठेवावा आणि तो कोठे आहे हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असावे.